सुताची रेघ आणि लाकडाची रेघ

कर्जतहून कशेळ्याकडे निघालं की भातखाचरांच्या बांधांवर ऐनाची झाडं दिसू लागतात. जंगलातल्या ऐनाशी त्यांचं फारसं साम्य नसतं. जंगलातला ऐन सरळसोट वर जातो. बांधावरचा खुजा, गाठाळलेला, जागोजागी तुटून पुन्हा फुटलेला. कारण इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. रायगडच्या या आतल्या पट्ट्यात भाताचं रोप टाकण्याआधी रोपाची जागा भाजण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यासाठी राब लागतो: शेण, गवत, पातेरा आणि झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या. डहाळ्यांसाठी ऐनावर कोयता चालतो आणि झाड दर वेळी नव्या बाजूनं फुटतं. पन्नासेक वर्षांनी उभं राहतं ते असं झाड की त्यात हातभर सरळ लाकूड शोधून सापडत नाही.

वखारीत या झाडाला किंमत नाही. फळ्या पडत नाहीत, चौकट निघत नाही, म्हणून त्याचं सरपण होतं. पण लाकडी नांगर चालत होता तेव्हा गावचा सुतार नांगराच्या खोडासाठी वखारीची पायरी चढत नसे. तो बांधाबांधानं फिरे. कुठल्या झाडाची फांदी खोडापासून नेमक्या हव्या त्या कोनात सुटली आहे, हे तो एक-दोन पावसाळे आधीच हेरून ठेवत असे. तेच झाड वखारीत वाकडं आणि शेतात अगदी बरोबर. मग वाकडं म्हणजे काय? दोष, की केवळ पाहणाऱ्याच्या कामात न बसणं?

मराठी भाषेनं हा निकाल केव्हाच देऊन टाकलेला दिसतो. चांगला माणूस सरळ असतो, सरळमार्गी असतो. वाईट माणूस वाकड्यात शिरतो, त्याचं पाऊल वाकडं पडतं, नजर वाकडी असते. आणि बिघडलेल्याला जे करायचं असतं ते सुताराच्या दुकानातून उचललेलं आहे: त्याला सुतासारखा सरळ करायचा. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, असं मानतात. म्हणजे ज्याच्या हाती दोरी तो सुतार. गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. लाकडावर तांबडी रेघ उठते. तिच्या अलीकडचं कामाचं, पलीकडचं टाकाऊ. नीतीचा इतका स्पष्ट, इतका दिसणारा नमुना दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार?

धर्मग्रंथांनीही हीच दोरी उचलली. गीतेत तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायांतल्या सद्गुणांच्या याद्यांमध्ये आर्जव आहे. आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. तेराव्या अध्यायावर लिहिताना शंकराचार्यांनी त्याचा अर्थ ऋजुभाव, वक्र नसणं, असाच सांगितला. रामानुजाचार्यांनी मात्र त्याच शब्दापाशी वेगळं वळण घेतलं. त्यांच्या मते आर्जव म्हणजे इतरांशी वागताना वाणी, मन आणि शरीर यांची एकरूपता. वरवर पाहता दोन्ही अर्थ एकच वाटतात. पण एका अर्थात रेघेचा आकार मोजला जातो, दुसऱ्यात आतल्या आणि बाहेरच्या रेघेचा मेळ. हा फरक किती खोल आहे, ते भाष्यांच्या पानांपेक्षा सुताराच्या ओट्यावर जास्त स्वच्छ दिसतं.

तिथे एका खुर्चीचा मागचा पाय आहे असं धरू. बसणाऱ्याची पाठ टेकावी म्हणून बैठकीच्या वर तो मागे कलतो; आणि खुर्ची उलटी होऊ नये म्हणून बैठकीच्या खालीही मागेच सरकतो. म्हणजे एक उथळ कंस तयार होतो. शिकाऊ माणूस रुंद सागाची फळी घेतो, तिच्यावर साचा ठेवतो, पेन्सिल फिरवतो आणि बँडसॉवर पाय कापून काढतो. पाय दिसायला देखणा असतो. पण लाकूड हे मातीसारखं चहूकडून एकसारखं नसतं. मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांची आणि तंतूंची ती जुडी असते. तंतूंच्या दिशेनं ओढलं तर ती प्रचंड ताण सोसते. तंतू एकमेकांपासून फाकवले तर त्याच्या कितीतरी कमी जोरात उलते. सरपण कुऱ्हाडीनं उभं सहज फुटतं आणि आडवं फुटत नाही, ते यामुळेच. सरळ फळीतून कंस कापला की तंतू पायाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातच नाहीत. ते मध्येच एका कडेनं आत शिरतात आणि दुसऱ्या कडेनं बाहेर पडतात. जिथे वळण जास्त तीव्र, तिथे त्यांची लांबी बोटभर उरते. खुर्चीत कुणी जरा जोरात रेलला की पाय नेमका तिथेच उलतो. डिंक किती चांगला होता, स्क्रू किती लांब होते, याचा त्या मोडण्याशी काहीही संबंध नसतो.

आता तोच पाय मुळातच तशा वळलेल्या फांदीतून निघाला तर? तंतू एका टोकाला सुरू होतात, वळणाबरोबर वळतात आणि दुसऱ्या टोकाला संपतात. वजन येतं तेव्हा वळणाच्या प्रत्येक बिंदूवर लाकूड आपल्या पूर्ण लांबीनिशी उभं असतं. पट्टी लावून मोजलं तर दोन्ही पाय सारखेच वाकडे. मोडतो तो ज्याच्या आतली रेघ एकीकडे आणि बाहेरची दुसरीकडे. शंकराचार्यांची व्याख्या शब्दशः लावली तर दोन्ही पाय नापास होतात. रामानुजांची लावली तर दुसरा पाय पूर्णपणे ऋजु ठरतो. लाकडापुरतं तरी रामानुजांचं म्हणणं खरं आहे, आणि ते माणसालाही लागू पडतं असं मानायला भरपूर जागा आहे.

असं लाकूड शोधणं ही एकेकाळी फार मोठी विद्या होती. रायगडच्याच किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्यांना होडीच्या फासळ्यांसाठी वळणाचं लाकूड लागे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागाची मोठमोठी जहाजं बांधली, त्यांतलं १८१७ साली पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमली’ आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत उभं आहे. युरोपातले जहाजबांधणीचे लोक तर जंगलातली वाकडी झाडं खुणा करून राखून ठेवत. सरळ झाड डोलकाठीसाठी, वाकडं झाड पोटासाठी. जहाज समुद्राचा मार खातं ते पोटावर.

वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत शय्या आणि आसनं यांच्या लक्षणांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे फर्निचर करणाऱ्या आजच्या फारच थोड्या लोकांना माहीत असेल. पलंग आणि बैठक कुठल्या लाकडाची करावी, याची यादी तिथे आहे. त्यात साग आहे, शिसव आहे, शिवण आहे. त्याहून लक्ष वेधते ती नको म्हटलेल्या झाडांची यादी. वीज पडलेलं, वाऱ्यानं किंवा पुरानं उन्मळलेलं, हत्तीनं पाडलेलं, ज्यावर मधाचं पोळं किंवा पक्ष्यांची वस्ती आहे ते, स्मशानातलं, देवस्थानातलं. मूर्तीसाठी लाकूड आणायचं तर त्या झाडावर राहणाऱ्या जिवांना आधी दुसरीकडे जाण्याची विनंती करायची, असंही याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी आहे. यातल्या काही गोष्टी शकुनाच्या आहेत. काही मात्र शुद्ध सुतारकीच्या आहेत: वादळात पडलेल्या झाडाच्या तंतूंना आतून तडे गेलेले असू शकतात आणि ते वरून दिसत नाहीत. झाड घेण्याआधी त्याचं काय झालं होतं, याची चौकशी करा, एवढं तर वराहमिहिर नक्कीच सांगतो. बांधावरच्या ऐनाकडे पाहताना ही चौकशी फार कामाची आहे. तिच्याकडे परत यायचंच आहे.

पण दर वेळी वळलेली फांदी मिळत नाही. एकसारख्या सहा खुर्च्यांसाठी एकसारख्या बारा फांद्या तर कुठलंही जंगल देणार नाही. मग लाकूड वाकवावं लागतं.

वाकवणं म्हणजे जबरदस्ती, असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात ते काम फार हळुवार आहे. लाकूड बंद पेटीत वाफेवर ठेवतात. इंचभर जाडीला साधारण तासभर. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं आणि ओलाव्यानं सैल होतं. पेटीतून काढल्यावर हातात जेमतेम मिनिट-दोन मिनिटं असतात. तेवढ्यात साच्यावर दाबून शिकंजे आवळायचे आणि थंड होऊन सुकेपर्यंत तसंच ठेवायचं. वाफवलेलं लाकूड दाबलं तर पाव भागापर्यंत आक्रसू शकतं, पण ताणलं तर शंभरात एक-दोन भागच वाढतं. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट बांधतात, म्हणजे बाहेरचे तंतू ताणले न जाता आतले आक्रसतात. मायकेल थोनेट या जर्मन कारागिरानं हीच युक्ती वापरून १८५९ साली आपली चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. १९३० पर्यंत तिचे पाच कोटी नग विकले गेले होते. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात चहा प्यालेला प्रत्येक जण या घराण्यातल्या गोल पाठीच्या खुर्चीवर कधी ना कधी बसलेला आहे.

या कामातली एक गोष्ट विचार करायला लावते. वाकवण्यासाठी सगळ्यात सरळ रेषेचं लाकूड लागतं. गाठ चालत नाही, तिरपी रेषा चालत नाही, भट्टीत कडक सुकवलेलं चालत नाही. ज्याची आतली रेघ अखंड असते तेच न मोडता वाकतं. ज्याची आतून तुटलेली असते ते बाहेरून कितीही ताठ दिसो, साच्यावर घेताच चरकन उलतं.

धम्मपदात एक गाथा दोनदा आली आहे. त्यात पाटकरी पाण्याला वाट देतात, बाण करणारे बाण घडवतात, सुतार लाकूड घडवतात आणि शहाणे स्वतःला घडवतात, असा दाखला आहे. मराठी अनुवादांत बाणवाला बाण सरळ करतो आणि सुतार लाकूड वाकवतो, असं साधारणपणे येतं. मूळ पालीत मात्र बाणवाल्याला आणि सुताराला क्रियापद एकच आहे: नमवणं. एकाचं नमवणं सरळ करण्यासाठी, दुसऱ्याचं वळण देण्यासाठी, आणि बुद्धवचनाला त्यांत भेद करावासा वाटला नाही. मराठीत हेच क्रियापद नमणं म्हणून आलं, आणि नमनातही तेच आहे. देवापुढे उभा राहिलेला माणूस जे करतो ते शब्दशः वाकणंच आहे. त्याला कुणी वाकडेपणा म्हणत नाही.

खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायक आहे. देवस्थानाच्या कथेनुसार मूर्ती १६९० साली तळ्यात सापडली आणि १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधलं. अष्टविनायकांच्या यात्रेत इथे गर्दी असते, आणि गर्दीतला प्रत्येक जण ज्या नावानं देवाला आळवतो त्यात पहिला शब्द वक्र आहे: वक्रतुंड. शुभकार्याच्या आरंभी सरळपणाची वाखाणणी करणारा समाज पहिलं आवाहन वाकड्या सोंडेच्या देवाला करतो. ही विसंगती नाही. सोंडेत हाड नाही. ती आतून-बाहेरून स्नायूंचीच आहे, म्हणून तिचं वळण तिच्या ताकदीच्या आड येत नाही. लाकडात गणपती कोरणाऱ्याला मात्र सोंडेपाशीच सगळ्यात जास्त भीती असते, कारण वळणावर रेषा आखूड पडते. म्हणून शहाणा कोरणारा सोंड सहसा सुटी सोडत नाही, पोटाला किंवा हाताला टेकवून ठेवतो.

वाकवण्याखेरीज आणखी एक वाट आहे, सांधण्याची. बैलगाडीचं चाक एका लाकडातून होत नाही. मधे तुंबा, त्यात आरे, आणि परीघ कमानदार तुकड्यांचा. प्रत्येक तुकड्यात वळण थोडं, म्हणून रेषा आखूड पडत नाही; सगळे मिळून पूर्ण वर्तुळ होतं; आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना सगळ्यांना आवळून धरते. देव्हाऱ्याची महिरपही अशीच दोन-तीन तुकड्यांची असते, जोड शिखराच्या कळीखाली लपवलेला. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की दांडी म्हणजे रथ का, आख म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अडकतो. आत्म्याच्या प्रश्नावरची ही चर्चा जगभर शिकवली जाते. पण नागसेनाच्या श्रोत्यांत एखादा सुतार असता तर त्यानं आणखी एक उत्तर सुचवलं असतं, असं वाटतं: रथ सांध्यांत आहे. सुटे तुकडे ढिगानं पडले तर त्यांत रथ नाही, हे खरं. पण कुसू खाचेत बसला, धाव आवळली गेली, की तुकड्यांच्या आपापल्या छोट्या वळणांतून एक नवं वळण उभं राहतं, जे त्यांतल्या एकाचंही नव्हतं.

मिलिंद आणि नागसेनाच्या संवादाचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. जवळजवळ त्याच सुमारास कर्जतपासून काही मैलांवर, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या डोंगरात काही माणसं छिन्नी-हातोडी घेऊन कातळ फोडत होती. कोंदिवडे गावाजवळची ही कोंडाणे लेणी. पावसाळ्यात त्यांच्या दर्शनी भागावरून पाण्याचा पडदा पडतो आणि मुंबई-पुण्याची तरुण मंडळी तो बघायला जंगल तुडवत येतात. पडद्यामागे जे आहे ते सुताराला जास्त चकित करील. चैत्याच्या दर्शनी भिंतीवर पिंपळपानाच्या आकाराची कमान आहे, तिच्याभोवती लहान कमानी, कठडे, बाहेर आलेली तुळयांची टोकं. सगळं दगडात, आणि सगळं लाकडाचं. विहाराच्या छताला दगडी तुळया कोरल्या आहेत, जणू वर खरंच लाकडी छप्पर पेललं जात आहे. चैत्याच्या गोलाकार छताला एकेकाळी खऱ्या लाकडी फासळ्या बसवल्या होत्या. त्या इथून गेल्या. बोरघाट चढून कार्ल्याला गेलं तर तिथल्या सव्वाशे फूट लांबीच्या चैत्यात छताच्या कमानीला लागून बसवलेल्या सागाच्या फासळ्या आजही जागेवर आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. शेजारच्या भाज्याला तर अशा लाकडावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत.

या फासळ्या काहीही पेलत नाहीत. वरचा डोंगर स्वतःला पेलतो. कातळाला तंतू नसतात, त्याला फासळीची गरज नसते, तुळईची नसते, कमानीलाही लाकडाच्या वळणाचं कारण नसतं. मग इतकी मेहनत कशासाठी? साधं उत्तर असं की आधीची सभागृहं लाकडाची होती, आणि पवित्र जागा कशी दिसते याची लोकांना असलेली ओळख त्या लाकडाच्या आकाराची होती. उत्तर बरोबर आहे, पण त्यानं वर मांडलेल्या कसोटीपुढे एक अडचण उभी राहते. आतली रेघ आणि बाहेरची रेघ एक असावी, हेच जर आर्जव, तर कोंडाण्याची दगडी तुळई खोटी म्हणायची का? तिच्या पृष्ठभागावर लाकूड आहे आणि आत बेसॉल्ट.

याचं उत्तर बहुधा त्याच भिंतीवर कोरलेलं आहे. चैत्याच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीजवळ छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, अंतेवासी असलेल्या बालक नावाच्या माणसानं हे केलं, एवढंच तो सांगतो. राजाचं नाव नाही, दान किती ते नाही. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा शिष्य. स्वतःचं काम स्वतःच्या नावानं सांगताना या माणसानं आधी गुरूचं नाव लिहिलं. त्या लेखासमोर उभं राहिलं की ध्यानात येतं, दगडात नसलेला तंतू कुठे आहे ते. लाकूड घडवणाऱ्याकडून दगड घडवणाऱ्याकडे, गुरूकडून शिष्याकडे तो अखंड आला आहे. बालकाच्या हातात ते वळण आतून होतं. म्हणून ती कमान दोन हजार वर्षांनीही उसनी वाटत नाही. आज प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कमानी बंगल्यांवर चिकटवल्या जातात त्या दुसऱ्या दिवशीच उसन्या वाटतात.

इथवर आलेला विचार सुखाचा आहे, आणि म्हणूनच त्याला एक अवघड प्रश्न विचारायला हवा. ज्याच्या त्याच्या रेषेप्रमाणे त्याला घडवावं, हे लाकडाच्या बाबतीत शहाणपण आहे. माणसाच्या बाबतीत हेच वाक्य या देशात फार क्रूरपणे वापरलं गेलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मांची विभागणी स्वभावातून आलेल्या गुणांनी झाली, असं आहे. आणि त्या स्वभाव शब्दाच्या आधारानं जन्मालाच स्वभाव ठरवण्याची सोय पुढच्यांनी करून घेतली. याची रेषा अशीच, हा नांगरालाच लायक, तो चौकटीला. मंगळवेढ्याच्या चोखोबांना पंढरपूरच्या देवळाबाहेर ठेवलं गेलं ते याच तर्कानं. चौदाव्या शतकातल्या या संतानं उत्तर दिलं तेही वाकडेपणाचेच दाखले घेऊन. ऊस वाकडा असला म्हणून त्याचा रस वाकडा नसतो, कमान वाकडी म्हणून बाण नाही, नदी वळत गेली म्हणून पाणी नाही. वरच्या रंगाला का भुलता, असं विचारणारा त्यांचा अभंग घराघरात माहीत आहे. रामानुजांची कसोटी चोखोबांनी आणखी पुढे नेली. आतलं आणि बाहेरचं जुळतं की नाही, हे बाहेर उभा असलेला परीक्षक वरून बघून ठरवू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

जुन्या कथांनाही हे सहज पचत नव्हतं. महाभारताच्या वनपर्वात आठ ठिकाणी वाकडा असलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत जाऊन बंदी नावाच्या पंडिताला हरवतो. कथा तिथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण शेवटी बाप त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. ज्ञान सिद्ध झालं तरी शरीर सुतात बसवल्याशिवाय कथाकाराला चैन पडली नाही. त्याचा वाकडेपणाही जन्मजात स्वभाव नव्हताच: गर्भात असताना बापाच्या पठणातली चूक दाखवली, म्हणून बापानं दिलेला तो शाप होता.

आणि इथे बांधावरचा ऐन पुन्हा समोर येतो. त्याचा वाकडेपणा त्याच्या बियाण्यात नव्हता. तेच बी जंगलात पडलं असतं तर सरळ वाढलं असतं. इमॅन्युएल कांटनं १७८४ सालच्या निबंधात माणूस ज्या वाकड्या लाकडाचा घडला आहे त्यातून पूर्णपणे सरळ असं काही उभारता येणार नाही, असं म्हटलं होतं. आयझाया बर्लिननं १९९० साली त्याच शब्दांवरून आपल्या पुस्तकाला नाव दिलं, आणि ते विधान जगभर गाजलं. त्याच निबंधात जरा आधी कांट झाडांविषयी बोलतो, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जंगलात झाडं हवेसाठी आणि उन्हासाठी एकमेकांशी चढाओढ करतात म्हणून सरळ वाढतात, आणि एकटी, मोकळी वाढणारी झाडं खुरटी-वाकडी होतात, असा त्याचा दाखला आहे. कांटला बांधावरचा ऐन माहीत नव्हता. हा ऐन मोकळेपणानं वाकडा झालेला नाही. त्याचं प्रत्येक वळण हे एका वर्षीच्या कोयत्याचं आहे.

कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी राहतात. कातकरी हे नावच कातावरून आलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं झाली, खैराला हात लावणं गुन्हा ठरला, आणि धंदा गेला. पुढच्या पिढ्या कोळसा पाडायला, वीटभट्ट्यांवर, वर्षातले सहा-सहा महिने घर सोडून जाऊ लागल्या. मुलं शाळेतून सुटली. आणि मग बाहेरून येणारे म्हणू लागले, यांचा स्वभावच असा, यांना स्थिर राहणं जमत नाही. कोयत्यानं केलेल्या वळणाला बियाण्याचा दोष म्हणण्याचा हा प्रकार आहे. वराहमिहिरानं सांगितलेली चौकशी, की या झाडाचं आधी काय झालं होतं, ती इथे कुणी केलीच नाही.

चांगला सुतार स्वभाव आणि इतिहास यांची अशी गल्लत करत नाही. तो जात बघून निकाल देत नाही. साग आहे म्हणून बरा आणि ऐन आहे म्हणून वाईट, असं म्हणणारा माणूस ओट्यापेक्षा वखारीच्या गल्ल्याजवळ जास्त बसलेला असतो. चांगला सुतार फळी उचलतो, कडेनं बघतो, रंध्याचा एक हात मारतो. रंधा झुळझुळीत चालला तर रेषा सुलटी. तंतू उचकटले तर उलटी, मग फळी फिरवतो आणि दुसऱ्या बाजूनं रंधतो. हे दर फळीला नव्यानं करायचं असतं. एकाच ओंडक्यातल्या शेजारच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत, कारण एकीत गाभ्याजवळची वलयं असतात आणि दुसरीत सालीजवळची. सुकताना लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, ते त्रिज्येच्या दिशेनं आक्रसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. तिरप्या पायांच्या तिवईची बैठक आक्रसली की पायांचे कोन आपोआप बदलतात, म्हणून जोड करतानाच त्याची सोय ठेवावी लागते. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात दार फुगून चौकटीत अडकतं आणि घरमालक सुताराकडे धावतो. अनुभवी सुतार रंधा न आणता हात हलवत येतो, दाराला बोट लावून बघतो आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगतो. पावसात रंधलेलं दार उन्हाळ्यात फटीतून वारा घेतं.

गेल्या काही वर्षांत खाचरांत पॉवर टिलर आले. लाकडी नांगर माळ्यावर गेले, काही फार्महाउसच्या भिंतीवर शोभेला टांगले गेले. हव्या त्या कोनाची फांदी हेरत बांधाबांधानं फिरणारा सुतार आता क्वचित दिसतो. राब अजून पुष्कळ ठिकाणी भाजतात. वैशाखात संध्याकाळी कशेळ्याच्या रस्त्यानं गेलं तर खाचरांतून धूर उठलेला दिसतो, आणि बांधावर छाटलेले ऐन मुठी वळल्यासारखे उभे असतात. पावसाच्या तोंडावर त्याच मुठींतून, कोयता लागला होता त्याच्या जरा खाली, बाजूनं, तांबूस कोंब बाहेर आलेला असतो.